टुव्याची उष्णोदक कुंडे : बडोद्याहून एक दिवसाच्या सहलीचा पाठ

दिवाळीची सुटी संपून थंडी स्थिरावू लागली, की शाळाशाळांतून सहलीची बोलणी सुरू होतात. बडोद्याच्या शाळांना आणि कुटुंबांना पावागड व डाकोर ही स्थळे पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहेत. पंचमहाल जिल्ह्याच्या गोध्रा तालुक्यातील टुवा या गावी असलेली गरम पाण्याची कुंडेही अनेकांनी पाहिलेली असतात. परंतु ती बहुधा स्नान, दर्शन आणि शिदोरी एवढ्यापुरतीच. वस्तुतः भूगोल, पदार्थविज्ञान, रसायन आणि आरोग्यशास्त्र या चारही विषयांचा पाठ एकाच ठिकाणी, पुस्तकाविना शिकविता यावा, अशी जी थोडी स्थळे बडोद्याच्या आसपास आहेत, त्यांत टुव्याची गणना करावी लागेल.

या पाठाचे सूत्र एका वाक्यात सांगता येते : पाणी किती ऊन आहे हे डोळ्यांना दिसत नाही, ते मोजावे लागते. हेच सूत्र ज्ञानासाठी उपयोगी आहे आणि तेच जीव सांभाळण्यासाठीही आवश्यक आहे. सहलीतील आनंदाला सावधगिरीची जोड नसेल तर काय घडते, याची अत्यंत दुःखद आठवण बडोदे शहराच्या मनात ताजी आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी शहरातील हरणी तलावात सहलीच्या मुलांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका यांना प्राणास मुकावे लागले. नावेत तिच्या क्षमतेहून अधिक जण होते आणि सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. यावरून सहली बंद कराव्यात असे ठरत नाही. सहल हा पाठ आहे, आणि पाठाला जशी पूर्वतयारी लागते तशीच ती सहलीलाही लागते, एवढाच बोध त्यातून घ्यावयाचा आहे.

स्थळ आणि मार्ग

टुवा हे गाव गोध्रा शहराच्या पश्चिमेस सुमारे १५ किलोमीटरवर, टिंबा गावाजवळ आहे. रस्त्याने जाणारे लोक हालोल, कालोल, गोध्रा या मार्गाने जातात. प्रवासास साधारणतः दोन ते अडीच तास लागतात. लोहमार्गाने जावयाचे असल्यास बडोदे ते गोध्रा हा एक टप्पा आणि गोध्रा-आणंद मार्गावरील टुवा स्थानक हा दुसरा टप्पा होय. या मार्गावर थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच असल्याने चालू वेळापत्रक पाहिल्याशिवाय निघू नये. परतीची गाडी चुकल्यास दिवसाची सारी आखणी कोलमडते.

मराठी वाचकांना या प्रदेशाशी असलेले जुने नातेही विद्यार्थ्यांना सांगता येईल. ज्या पाच महालांवरून जिल्ह्यास पंचमहाल हे नाव मिळाले, ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या राज्यात मोडत असत आणि १८६१ मध्ये ते इंग्रजांच्या ताब्यात गेले. टुव्याहून आणंदकडे जाताना मही नदी ओलांडली की पुढे डाकोर लागते. तेथील रणछोडरायाचे सध्याचे मंदिर १७७२ मध्ये पेशव्यांचे सराफ गोपाळ जगन्नाथ तांबवेकर यांनी बांधविले. मात्र पावागड, टुवा आणि डाकोर ही तिन्ही स्थळे एकाच दिवसात उरकण्याचा मोह टाळावा. तिन्ही ठिकाणी धावती भेट दिल्याने एकही ठिकाण पाहून होत नाही. शिवाय थकलेली मुले आणि थकलेला चालक घेऊन रात्रीचा प्रवास करणे धोक्याचे असते.

उन्हाळे हा शब्द कोकणात ऋतूसाठी नव्हे, तर उष्ण पाण्याच्या झऱ्यासाठी वापरतात. राजापूरजवळचे उन्हाळे, पालीजवळचे उन्हेरे, खेडकडील उन्हवरे, तसेच जळगाव जिल्ह्यातील उनपदेव ही सारी नावे 'ऊन' म्हणजे गरम या अर्थाच्या शब्दावरून पडली आहेत. गुजराती भाषेतही 'ऊनुं' म्हणजे गरमच. गावाच्या नावातच पाण्याचा गुण साठविलेला असतो, हे भाषेच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून द्यावे.

पाणी ऊन का होते?

कुंडांविषयी भीम आणि हिडिंबा यांच्याशी नाते जोडणारी लोककथा या भागात सांगितली जाते. अशी कथा ऐकून विद्यार्थ्यांनी ती हसण्यावारी नेऊ नये. जमिनीतून आपोआप ऊन पाणी का येते, हा प्रश्न पूर्वजांनाही पडला होता, हे त्या कथेवरून कळते. आज त्या प्रश्नाचे उत्तर भूशास्त्राच्या आधारे देता येते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हालोलमार्गे जाताना पावागडाचा डोंगर दिसतो. तो ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेला आहे, हे विद्यार्थ्यांनी पुस्तकात वाचलेले असते. तेव्हा त्याच ज्वालामुखीच्या आगीने टुव्याचे पाणी तापत असावे, असा तर्क ते सहज करतात. हा तर्क चुकीचा आहे. दख्खनच्या लाव्ह्याचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरले आणि केव्हाच थंड झाले. टुव्याच्या पाण्याखाली कोणताही जिवंत ज्वालामुखी नाही.

खरे कारण याहून साधे आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून जसजसे खोल जावे तसतसे तापमान वाढत जाते. सर्वसाधारणपणे दर किलोमीटर खोलीस ही वाढ २५ ते ३० अंश सेल्सिअस असते. टुव्याच्या पश्चिमेकडील खंभातच्या खोऱ्यात तेलविहिरी खोदताना तर ती सरासरीहूनही अधिक आढळली आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरते, खडकातील भेगांवाटे खोल उतरते आणि तेथील उष्णतेने तापते. तापलेले पाणी हलके होते. उंचावरील भूभागात मुरलेल्या पाण्याचा दाबही त्याला वर ढकलत असतो. अशा स्थितीत एखादी मोकळी भेग सापडली, की ते पाणी त्वरेने वर येते आणि निवण्यास पुरेसा वेळ न मिळाल्यामुळे ऊनच बाहेर पडते. थोडक्यात, कुंडातील पाणी हे पावसाचेच पाणी असून ते भूगर्भाची लांब वाट चालून परत आलेले असते.

टुव्याच्या परिसरातील खडक ग्रॅनाइट जातीचा आहे. भूशास्त्रज्ञ त्यास गोध्रा ग्रॅनाइट म्हणतात. त्याचे वय सुमारे ९५ कोटी वर्षे असल्याचे मानले जाते. ग्रॅनाइट मुळात सच्छिद्र नसतो, परंतु भूकवचाच्या हालचालींमुळे त्यास तडे जातात आणि तेच पाण्याचे मार्ग होतात. या खडकात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांचे अल्प अंश असतात. त्यांच्या मंद विघटनातून थोडी उष्णता निर्माण होते आणि युरेनियम व थोरियम यांच्यापासून हेलियम वायू तयार होतो. टुव्याच्या झऱ्यांत हेलियम आढळल्याने संशोधकांचे लक्ष या स्थळाकडे वेधले गेले. किरणोत्सर्गाचे नाव ऐकून मुलांनी घाबरू नये. असे अंश सर्वच ग्रॅनाइट खडकांत असतात.

भारतातील उष्ण झऱ्यांची शास्त्रीय नोंद ही काही आजची गोष्ट नव्हे. टॉमस ओल्डहॅम यांनी तयार केलेली सुमारे ३०० झऱ्यांची यादी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १८८२ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच संस्थेने १९९१ मध्ये देशातील भूगर्भीय उष्णतेचा नकाशासंग्रह काढला. गुजरातमध्येच खेडा जिल्ह्यातील लसुंद्रा आणि नवसारी जिल्ह्यातील उनाई येथे असे झरे आहेत. तेव्हा टुव्याचे पाणी हा एकटा चमत्कार नसून देशभर पसरलेल्या एका नैसर्गिक क्रियेचे ते उदाहरण होय.

कुंडापाशी करावयाची निरीक्षणे

टुव्याचे वैशिष्ट्य असे, की येथे लहानमोठी अनेक कुंडे जवळजवळ आहेत आणि त्यांतील पाणी सारखे ऊन नाही. एका कुंडात पाय सुखाने ठेवता येतो, तर शेजारच्या कुंडात हात घालणेही शक्य नसते. सर्वांत उष्ण पाण्याचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. वर येणाऱ्या ऊन पाण्यात जमिनीच्या वरच्या थरातील थंड पाणी कोठे कमी, कोठे अधिक मिसळते. म्हणून हा फरक पडतो. दिसण्यात मात्र दोन्ही पाणी सारखेच. यासाठीच कुंडापाशी पोहोचताच पहिले काम स्नानाचे नसून मोजमापाचे असावे.

मोजमापासाठी प्रयोगशाळेतील ११० अंशांपर्यंतची तापमापी घ्यावी. ताप मोजण्याची घरगुती तापमापी कधीही वापरू नये. तिची मर्यादा ४२ अंशांच्या आसपास संपते आणि अधिक उष्ण पाण्यात ती फुटते. दोरी बांधलेल्या लहान बादलीने शिक्षकांनी पाणी काढावे, तापमापी त्यात दोन मिनिटे ठेवावी आणि पारा स्थिर झाल्यावर विद्यार्थ्यांनी आकडा वाचावा. बादलीतील पाणी लगेच निवू लागत असल्याने बादली प्रथम त्याच पाण्याने विसळून घेतल्यास मोजमाप अधिक अचूक येते. प्रत्येक कुंडास क्रमांक देऊन वहीत पुढील पाच गोष्टींची नोंद करावी : तापमान, वास, पाण्याचा स्वच्छपणा, कडेच्या दगडांवर जमलेला थर, आणि शेवाळ आहे किंवा नाही.

या नोंदींतून पुष्कळ प्रश्न निघतात. कमी उष्ण कुंडाच्या कडेला हिरवे शेवाळ दिसते, अतिउष्ण पाण्यात ते दिसत नाही. याचे कारण काय? कुंडात बुडबुडे दिसल्यास पाणी उकळत आहे असे मुले म्हणतात. पण तापमापी ६० दाखवीत असेल तर ते उकळणे नव्हे. मग बुडबुडे कशाचे? खोलवर दाबाखाली पाण्यात विरघळलेले वायू, दाब कमी होताच, बाहेर पडतात. सोड्याची बाटली उघडल्यावर जे दिसते तेच येथे घडते.

गणिताच्या तासासाठीही एक चांगला हिशेब येथे मिळतो. पावसाचे पाणी २७ अंशांवर जमिनीत शिरले आणि ६० अंशांवर बाहेर आले असे धरावे. तापमानातील वाढ ३३ अंश झाली. दर किलोमीटरला ३० अंश या प्रमाणाने भागिल्यास १.१ किलोमीटर हे उत्तर येते. म्हणजे हे पाणी निदान एवढ्या खोलीवर जाऊन आले असले पाहिजे. वर येताना वाटेत त्याची काही उष्णता खडकाने शोषली असणार आणि थंड पाणीही त्यात मिसळले असणार. म्हणून प्रत्यक्ष खोली याहून अधिकच असावी. एक दोरी, एक बादली आणि एक तापमापी यांच्या साह्याने आठवीचा विद्यार्थी जमिनीखालच्या एक किलोमीटरपलीकडचा अंदाज बांधू शकतो, याची जाणीव त्यास व्हावी, हेच या सहलीचे खरे फलित आहे.

रसायनाच्या पाठासाठी एका बाटलीत कुंडाचे आणि दुसऱ्या बाटलीत शाळेतील नळाचे पाणी घ्यावे. शाळेत परतल्यावर दोन्ही पाणी सारख्या मापाने, दोन स्वच्छ भांड्यांत, पूर्णपणे आटवावे. तळाशी उरलेल्या क्षारांचे वजन करून तुलना करावी. उष्ण पाणी खडकातील क्षार अधिक प्रमाणात विरघळविते, ही गोष्ट मग सांगावी लागत नाही. ती भांड्याच्या तळाशी दिसते. पाण्याची चव मात्र कोणी घेऊ नये. ग्रॅनाइटातून येणाऱ्या ऊन पाण्यात क्षारांबरोबर फ्लोराइडही अधिक असण्याचा संभव असतो. असे पाणी नित्य पिण्यात आल्यास दात व हाडे यांना अपाय होतो. पिण्याचे पाणी शहरातूनच पुरेसे बरोबर न्यावे.

स्नान आणि सुरक्षितता

हिमाचल प्रदेशातील मणिकर्ण येथे झऱ्याचे पाणी जवळजवळ उकळते असते आणि त्यात लोक फडक्यात बांधून भात शिजवितात. टुव्याच्या पाण्यात भात शिजत नाही, म्हणून ते निर्धोक आहे असे समजणाऱ्याची फसगत होते. ६० अंशांवर भात शिजत नाही, पण कातडी भाजते. इतक्या उष्ण पाण्याशी सुमारे पाच सेकंद संपर्क झाला तरी प्रौढ माणसास खोलवर भाजू शकते. ५० अंशांच्या पाण्याने तेच काही मिनिटांत घडते. लहान मुलांची त्वचा पातळ असल्याने त्यांना याहूनही कमी वेळ पुरतो. कुंडाच्या पायऱ्या ओल्या व निसरड्या असतात. पाय घसरून पाण्यात पडलेल्या मुलास बाहेर काढण्यास पाच सेकंदांहून अधिक वेळ लागतो, हे प्रत्येक शिक्षकाने आणि पालकाने मनात पक्के धरावे.

यास्तव पुढील नियम सहलीपूर्वी वर्गात वाचून दाखवावेत आणि कुंडापाशी पुन्हा एकदा उच्चारावेत :

(१) तापमान मोजून शिक्षकांनी परवानगी दिल्याशिवाय कोणत्याही कुंडात हात किंवा पाय घालू नये.

(२) ४० अंशांहून अधिक उष्ण पाण्यात मुलांना उतरू देऊ नये. त्याहून उष्ण पाणी बादलीत घेऊन थंड पाण्याने निववावे आणि मगच अंगावर घ्यावे.

(३) दर दहा मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी. एका वेळी एकच तुकडी पाण्याजवळ जाईल आणि उरलेल्या तुकड्या निरीक्षणाच्या वह्या पूर्ण करतील. पाण्याजवळ जाताना आणि परतताना डोकी मोजावीत.

(४) पळणे, ढकलणे व उडी मारणे यांस सक्त मनाई असावी.

(५) ऊन पाण्यात दहा मिनिटांहून अधिक वेळ बसू नये. जेवणानंतर लगेच किंवा उपाशीपोटी स्नान करू नये. चक्कर, मळमळ अथवा धडधड वाटल्यास तत्काळ बाहेर येऊन सावलीत बसावे व पाणी प्यावे.

(६) डोके पाण्याखाली बुडवू नये आणि नाकात पाणी जाऊ देऊ नये. कोमट गोड्या पाण्यात एक जातीचा अमीबा वाढू शकतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत गेल्यास प्राणघातक आजार होतो. हा आजार फार विरळा आहे, परंतु त्यापासून बचाव इतका सोपा आहे की तो न करण्यास कोणतेही कारण नाही.

(७) अंगावर उघडी जखम किंवा त्वचारोग असलेल्यांनी सार्वजनिक कुंडात उतरू नये.

कोणास भाजलेच, तर त्या भागावर स्वच्छ, साधे, थंड पाणी सुमारे २० मिनिटे सतत ओतावे. अंगठी, बांगडी, घड्याळ लगेच उतरवावे. फोड फोडू नयेत. बर्फ, तूप, शाई, दंतमंजन किंवा हळद यांपैकी काहीही लावू नये. स्वच्छ सुती कापडाने भाग सैल झाकून रुग्णास डॉक्टरांकडे न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक प्रत्येक शिक्षकास आणि गाडीच्या चालकास ठाऊक असावा. यासाठी लागणारे थंड पाणी सहलीच्या सामानातच असले पाहिजे. कारण भाजलेल्या मुलास निववावयाचे असते तेव्हा आसपासचे कुंडातील पाणी ऊनच असते.

औषधी गुणांविषयी

सांधेदुखी आणि त्वचारोग यांवर कुंडाचे पाणी गुणकारी आहे, अशी श्रद्धा सर्वत्र आढळते. तीत तथ्य किती, याचाही शांतपणे विचार करावा. ऊन पाण्याने स्नायू सैल होतात, रक्ताभिसरण वाढते आणि आखडलेल्या सांध्यांना काही काळ आराम पडतो, हे खरे आहे. परंतु हा आराम म्हणजे रोग बरा होणे नव्हे. चालू असलेले औषध कुंडस्नानाच्या भरवशावर बंद करणे हितावह नाही.

काही व्यक्तींनी विशेष काळजी घ्यावी. हृदयविकार व रक्तदाबाचे रुग्ण, गर्भवती स्त्रिया आणि अतिवृद्ध माणसे यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय ऊन पाण्यात बसू नये. मधुमेहाच्या रुग्णांचा धोका तर सहजासहजी लक्षात येत नाही. दीर्घकालच्या मधुमेहाने पायांची संवेदना मंदावते. अशी व्यक्ती पाय शेकण्यासाठी म्हणून कुंडात पाय सोडून बसते. पाणी सोसवते असे तिला वाटते, आणि पाय बाहेर काढल्यावर फोड दिसतात. ती जखम भरून येण्यास फार दिवस लागतात, आणि ती चिघळून पाय गमावण्याची पाळीही येऊ शकते. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी पाण्याची पारख पायाने करू नये. ती तापमापीने करावी. तापमापी नसल्यास घरातील निरोगी माणसाने बादलीत पाणी काढून कोपराने करावी. तान्ह्या बाळाच्या आंघोळीचे पाणी कोपर बुडवूनच पाहिले जाते. तीच घरगुती रीत येथेही उपयोगी पडते.

स्वच्छता आणि गावाचा मान

कुंड हे शहरातून आलेल्या पाहुण्यांसाठी बांधलेले स्नानगृह नव्हे. परिसरात देवस्थान आहे आणि गावकऱ्यांचा तेथे नित्याचा राबता आहे. कुंडात साबण, शाम्पू किंवा कपडे धुण्याची पूड वापरू नये. साबणाने स्नान करावयाचे असल्यास बादलीत पाणी घेऊन कुंडापासून दूर करावे. नारळाच्या शेंड्या, फुलांच्या माळा, प्लास्टिकच्या पिशव्या आणि जुनी वस्त्रे पाण्यात सोडू नयेत. पाणी कितीही वेगाने वर येत असले तरी कुंडाचा तळ एकच असतो आणि टाकलेले त्यातच साठते.

येथे विद्यार्थ्यांना त्या पाण्याच्या प्रवासाची पुन्हा आठवण करून द्यावी. जे पाणी खडकाच्या भेगांतून एक किलोमीटरहून अधिक खोल जाऊन परत येते, ते एका पावसाळ्याचे नसते. त्याच्या येण्याजाण्यास दीर्घ काळ लागलेला असतो. इतक्या लांबून आलेले पाणी एका साबणाच्या वडीने एका क्षणात नासविता येते. हा विचार मुलांच्या मनात उतरला, तर स्वच्छतेचा निराळा उपदेश करण्याची गरज उरत नाही.

गावातील वृद्धांशी बोलण्याचीही संधी द्यावी. कोणत्या ऋतूत पाणी वाढते, कोणते कुंड पूर्वी अधिक ऊन होते, आसपास नव्या विंधणविहिरी झाल्यानंतर काही फरक पडला काय, असे प्रश्न मुलांनी आदराने विचारावेत आणि उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. दरवर्षी एकाच शाळेने त्याच कुंडांचे तापमान त्याच महिन्यात मोजून ठेवले, तर दहा वर्षांनी ती वही भूशास्त्राच्या अभ्यासकांसही उपयोगी पडेल.

दिवसाची आखणी

सहलीसाठी मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम होय. पावसाळ्यात पायऱ्या अधिक निसरड्या असतात, आणि उन्हाळ्यात ऊन पाण्याचे स्नान शरीरास बाधते. पौर्णिमा व यात्रेचे दिवस टाळावेत. दोन शिक्षकांनी आठवडाभर आधी स्वतः जाऊन स्थळ पाहून यावे. कोणती कुंडे उघडी आहेत, कठडा कोठे आहे व कोठे नाही, मुलींसाठी कपडे बदलण्याची सोय काय, शौचालय कोठे आहे, जवळचा दवाखाना किती दूर आहे, हे त्यांनी टिपून आणावे. पालकांची लेखी संमती घेताना मुलाचा दमा, फेफरे, हृदयविकार यांविषयीची माहितीही मागवावी.

सकाळी साडेसहास निघाल्यास नऊच्या सुमारास टुव्यास पोहोचता येते. नऊ ते साडेदहा मोजमाप व निरीक्षण, साडेदहा ते साडेअकरा तुकड्यातुकड्यांनी पाय बुडविणे वा स्नान, बारा वाजता भोजन, एक वाजता झाडाखाली बसून नोंदींवर चर्चा, आणि दोन वाजता परतीचा प्रवास, असा क्रम ठेवावा. पाचच्या आत मुले घरी पोहोचतात आणि सारा प्रवास उजेडात होतो.

स्वाध्याय

१. दोन शेजारच्या कुंडांतील पाण्याचे तापमान वेगळे का असते?

२. पाणी ४८ अंशांवर बाहेर येत असेल, तर ते किमान किती खोल गेले असावे? (जमिनीवरील तापमान २७ अंश व वाढ दर किलोमीटरला ३० अंश धरावी.)

३. पावागडाच्या लाव्ह्यामुळे टुव्याचे पाणी तापते, हे विधान चूक का?

४. आपल्या आजी-आजोबांस कुंडस्नानास न्यावयाचे असल्यास कोणती काळजी घ्याल, ते दहा ओळींत लिहा.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्यांनी घरी मोठ्याने वाचून दाखवावे. शाळेत शिकविलेली गोष्ट अशा रीतीने घरापर्यंत पोहोचते. टुव्याच्या कुंडात पाय सोडण्यापूर्वी एखाद्या नातवाने 'थांबा, आधी मोजू या' असे म्हटले आणि आजोबा थांबले, तर सहलीचा पाठ पूर्ण झाला असे समजावे.